सीलबंद पाकिटं, ड्वेन मॅकडफी आणि ‘पहिल्या अंका’चा मोह

तुम्ही लिहिलंत की तुमच्या मावसभावाने अमेरिकेहून परतताना कॉमिक्सचा एक खोका आणला आणि त्यात 1993 सालचे चार अंक प्लास्टिकच्या न उघडलेल्या पाकिटांत निघाले: ‘हार्डवेअर’, ‘ब्लड सिंडिकेट’, ‘आयकॉन’ आणि ‘स्टॅटिक’. चारही पहिले अंक. तुमचे प्रश्न तीन. पाकिटं फोडावीत का? यांना काही किंमत येईल का? आणि यांच्यामागचा लेखक ड्वेन मॅकडफी याने सुपरहिरोंच्या दुनियेत कृष्णवर्णीयांना जागा मिळवून दिली म्हणतात, ते खरं आहे, की गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं म्हणून बोललं जातं?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण पाकिटं फोडायची की नाही हे त्याच्या उत्तरावरच ठरणार आहे.

मी जुन्या कागदाच्या जतनाचं काम करते आणि कॉमिक्स जमवते. दोन्हीला तीस वर्षं होऊन गेली. 1993 च्या हिवाळ्यात मी न्यू जर्सीत राहत होते. हे अंक दुकानात आले तेव्हा मी रांगेत होते. माझ्या पुढच्या माणसाने ‘हार्डवेअर’च्या पहिल्या अंकाच्या दहा प्रती घेतल्या. एकही उघडणार नाही, मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवणार, असं त्याने गल्ल्यावरच्या पोराला सांगितलं. मी एक घेतली आणि घरी पोचायच्या आत बसमध्येच पाकीट फाडलं. तुमच्या हातातली पाकिटं त्या दिवसांतली आहेत.

मॅकडफीचा जन्म 1962 चा, डेट्रॉइटचा. मिशिगन विद्यापीठात तो भौतिकशास्त्र शिकला, मग न्यूयॉर्क विद्यापीठात चित्रपटाचं शिक्षण घ्यायला गेला आणि 1987 मध्ये मार्व्हल या मोठ्या कॉमिक्स कंपनीत संपादकीय साहाय्यक म्हणून लागला. तिथलं त्याचं पहिलं लक्षात राहिलेलं काम म्हणजे ‘डॅमेज कंट्रोल’. सुपरहिरो आणि खलनायक मारामारी करून निघून जातात, मग पडलेल्या इमारतींचा राडारोडा कोण उचलतं, विम्याचे कागद कोण भरतं? ते काम करणाऱ्या कंपनीची ही गोष्ट. या माणसाची नजर नेहमी अशी होती. सगळे आकाशात बघत असताना तो खाली रस्त्यावर बघायचा.

1989 मध्ये त्याने मार्व्हलमधल्या संपादकांना एक उपहासाची टिपणी पाठवली. नव्या मालिकेचा प्रस्ताव अशा थाटात लिहिलेली, नाव ‘टीनेज नीग्रो निंजा थ्रॅशर्स’. मुद्दा असा की त्याच्या हिशेबाने मार्व्हलच्या कृष्णवर्णीय नायकांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा स्केटबोर्डवर फिरत होता. रॉकेट रेसर होताच, त्यात नाइट थ्रॅशरची भर पडली होती. टिपणी वाचून लोक हसले असतील, पण तिच्या आत एक साधी मोजदाद आहे. वेगवेगळ्या लेखकांनी, मनात काही वाईट नसताना, कृष्णवर्णीय तरुण म्हटल्यावर तीच एक प्रतिमा उचलली होती. एकेका लेखकाला दोष देऊन हे सुटणार नव्हतं. घडवलेल्या पात्रांची संख्याच इतकी थोडी होती की दोघांची सवय जुळली तरी ती सगळ्यांची ओळख होऊन बसायची.

या विषयात ‘पहिला’ हा शब्द फार येतो. 1966 मध्ये ‘फँटास्टिक फोर’च्या 52 व्या अंकात ब्लॅक पँथर आला. 1969 मध्ये फाल्कन. 1972 मध्ये ल्यूक केज, स्वतःची मालिका घेऊन. 1977 मध्ये डीसी या दुसऱ्या मोठ्या कंपनीकडून ब्लॅक लायटनिंग. त्याही आधी, 1947 मध्ये, ऑरिन इव्हान्स या कृष्णवर्णीय पत्रकाराने फिलाडेल्फियात ‘ऑल-नीग्रो कॉमिक्स’ काढलं होतं. त्याचा एकच अंक निघाला. या प्रत्येकाचं पहिलेपण मोलाचं आहे आणि त्यांचे अंक संग्राहक जपतात ते योग्यच आहे. मॅकडफी मात्र वेगळं विचारत होता: दुसरा कुठे आहे? पाचवा कुठे आहे? पहिल्याशी ज्याचं पटत नाही असा कुठे आहे?

त्याचं म्हणणं त्याने अनेकदा मांडलं. पानावर एकच कृष्णवर्णीय माणूस असला, किंवा एकच बाई, किंवा एकच आशियाई, तर ते पात्र एक व्यक्ती राहत नाही. त्याच्या डोक्यावर अख्ख्या समाजाचं ओझं येतं. ते चुकलं तर समाज चुकला, ते भित्रं निघालं तर समाज भित्रा. मग लेखक घाबरून त्याला सद्गुणांचा पुतळा करतो, आणि पुतळ्याची गोष्ट कोणी आवडीने वाचत नाही. सुपरमॅन म्हणजे काही सगळे गोरे लोक नव्हेत आणि त्याचा शत्रू लेक्स लूथरही नव्हे, असं तो म्हणायचा. गोऱ्या पात्रांना ही मोकळीक फुकट मिळते, कारण ती शेकड्यांनी आहेत.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला दूर जावं लागत नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वेताळ आणि मँड्रेक वाचत जी पिढी वाढली, त्या पिढीतली मी. आफ्रिकेतला माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो लोथारच्या रूपात. राजपुत्र असून गादी सोडून मँड्रेक जादूगाराच्या मागे फिरणारा, ताकदवान आणि इमानी. लोथार मला मनापासून आवडायचा. पण माझ्या लहानपणी त्याच्याशेजारी दुसरा कोणी नव्हता. कोणी हिशेबी, कोणी चिडका, कोणी कविता करणारा, असं कोणीच नाही. ते एक चित्र पुसायला मला पुढे किती वर्षं लागली हे मला चांगलं ठाऊक आहे.

तर उपाय काय? मॅकडफीचं उत्तर होतं संख्या. एका मालिकेने हे होणार नाही, एकदम अनेक हव्यात, म्हणजे एकाच समाजातली माणसं एकमेकांच्या विरोधात उभी राहू शकतील. चित्रकार डेनिस कोवन, मायकेल डेव्हिस, अर्थपत्रकारितेतून आलेला डेरेक डिंगल आणि मॅकडफी अशा चौघांनी मिळून माइलस्टोन मीडिया उभी केली. 1993 च्या सुरुवातीला पहिले अंक बाजारात आले. करार असा होता की छपाई आणि वितरण डीसी पाहील, पण पात्रांचे हक्क माइलस्टोनकडे राहतील आणि मजकुरावर शेवटचा शब्दही माइलस्टोनचा असेल. त्या धंद्यात हे फार मोठं होतं. पात्र घडवणारा माणूस पगार घेऊन घरी जातो आणि पात्र कंपनीचं होतं, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. या करारावर टीकाही झाली. स्वतःच्या खिशातून पैसे घालून अंक काढणाऱ्या काही कृष्णवर्णीय प्रकाशकांचा ‘अनिया’ नावाचा गट त्या वर्षी पुढे आला. गोऱ्यांच्या मोठ्या कंपनीचा हात धरून आलेलं काम कितपत आपलं, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. माझं मत माइलस्टोनच्या बाजूने झुकतं, कारण डीसीच्या वितरणाशिवाय हे अंक माझ्या गावच्या दुकानापर्यंत पोचलेच नसते. पण ‘अनिया’ची माणसं मत्सराने बोलत होती असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता पुस्तकांकडे येते. चारही मालिका डकोटा नावाच्या एकाच कल्पित शहरात घडतात. तिथल्या पॅरिस आयलंड या गरीब वस्तीत टोळ्यांची एक मोठी लढाई होते. पोलीस तिथे प्रयोगातला एक वायू सोडतात. बरेच जण मरतात, आणि जे वाचतात त्यांच्या अंगात विचित्र शक्ती येतात. ‘ब्लड सिंडिकेट’ ही त्या वाचलेल्यांची टोळी. आयव्हन वेलेझ ज्युनियर लिहायचा आणि पुढे क्रिसक्रॉस चित्रं काढायचा. टोळीत कृष्णवर्णीय आहेत, लॅटिनो आहेत, आशियाई आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

‘हार्डवेअर’चा नायक कर्टिस मेटकाफ हा हुशार इंजिनियर. एडविन अल्वा नावाच्या उद्योगपतीने त्याला लहानपणी हेरलं, शिकवलं, नोकरी दिली. त्याच्या शोधांवर कंपनी गब्बर होते, पण नफ्यात वाटा मागितला की अल्वा त्याला त्याची जागा दाखवतो. पहिल्या अंकाची सुरुवात कर्टिसच्या लहानपणच्या पोपटाच्या आठवणीने होते. पिंजऱ्यातून सुटायचा आणि खिडकीच्या काचेवर जाऊन आदळायचा तो पोपट. पिंजऱ्याबाहेर पडणं म्हणजे सुटणं नव्हे हे त्याला कळत नसे. मार्व्हलमधून बाहेर पडून डीसीशी करार करणाऱ्या लेखकाने हे लिहिलंय, हे लक्षात ठेवून ती पानं वाचा.

पण मॅकडफीचं खरं मोठं काम कुठलं विचाराल तर मी ‘आयकॉन’ म्हणेन. परग्रहावरचा एक प्रवासी 1839 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतात येऊन पडतो. त्याचं यान त्याला सगळ्यात आधी दिसलेल्या माणसासारख्या बाळाचं रूप देतं. तो माणूस म्हणजे मिरियम नावाची गुलाम स्त्री. ती त्या बाळाला आपलं म्हणून वाढवते. सुपरमॅनची गोष्ट आपल्याला पाठ आहे: तो कॅन्ससच्या शेतात पडला, प्रेमळ गोऱ्या शेतकऱ्याला सापडला. तेच यान दुसऱ्या शेतात, दुसऱ्या काळात पडलं असतं तर? एवढाच बदल केलाय, आणि सगळी कथा फिरते.

तो माणूस मरत नाही, म्हातारा होत नाही, म्हणून दर पिढीत स्वतःचाच मुलगा असल्यासारखा वावरतो. 1993 मध्ये तो ऑगस्टस फ्रीमन चौथा आहे, टेकडीवरच्या बंगल्यात राहणारा श्रीमंत वकील. विचाराने पुराणमतवादी. मी मेहनतीने वर आलो, इतरांनीही यावं, असं म्हणणारा. एका रात्री पॅरिस आयलंडची काही पोरं त्याच्या घरात चोरी करायला शिरतात. त्यात रॅकेल अर्व्हिन ही पंधरा वर्षांची मुलगी आहे. तिला लेखिका व्हायचंय. तो उडताना तिला दिसतो. काही दिवसांनी ती परत येते, स्वतः काढलेली वेषाची चित्रं घेऊन, आणि त्याला सुनावते की इतकी शक्ती अंगात असून तू इथे दिवाणखान्यात बसून काय करतोस. तिच्यामुळे तो आयकॉन होतो आणि ती त्याची जोडीदार रॉकेट. पहिल्याच कामगिरीवर मदतीला गेलेल्या या दोघांवर पोलीस बंदुका रोखतात.

मग रॅकेलला कळतं की ती गरोदर आहे. मूल ठेवायचं की नाही, यावर ती आणि आयकॉन बोलतात, आणि लेखक दोघांपैकी कोणालाही जिंकवत नाही. बेचाळीस अंक ही मालिका चालली. एम. डी. ब्राइटने ती रेखाटली. तिचा गाभा म्हणजे जुन्या वळणाच्या वकिलाचं आणि पोरसवदा आईचं भांडण: माणूस स्वतःच्या बळावर उठतो, की सगळी वस्ती मिळून उठते? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये बुकर टी. वॉशिंग्टन आणि डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या त्यांच्या दोन नेत्यांच्या काळापासून चालत आलेला हा वाद आहे. एकच कृष्णवर्णीय पात्र असतं तर हा वाद घालणार कोणाशी?

या मालिकेच्या 13 व्या अंकात बक वाइल्ड नावाचं पात्र येतं. सत्तरच्या दशकातल्या ल्यूक केजची ही उघड नक्कल आहे. पिवळा सदरा, जोरजोरात बोलणं, त्या काळच्या गोऱ्या लेखकांना जशी वाटायची तशी रस्त्यावरची बोली. वाचताना हसू येतं. मला वाटलं होतं की मॅकडफी त्याला टिंगलीपुरता वापरून सोडून देईल. पण 30 व्या अंकात बक वाइल्डचा अंत्यविधी आहे. तिथे त्याच्यासारखेच जुन्या पात्रांच्या धर्तीवर बेतलेले पाहुणे जमतात आणि आयकॉन त्याच्याबद्दल आदराने बोलतो. कितीही ओबडधोबड असला तरी कोणी नव्हतं तेव्हा तो होता, असा त्याचा सूर. ‘पहिल्या’ पात्रांकडे मॅकडफी कसा बघत होता ते तिथे कळतं. त्यांच्या चुका त्याने लपवल्या नाहीत आणि त्यांचं ऋणही नाकारलं नाही.

‘स्टॅटिक’बद्दल तुम्ही बरंच वाचलं असणार. व्हर्जिल हॉकिन्स, पंधरा वर्षांचा, कॉमिक्सवेडा, तोंडाने तिखट, विजेच्या शक्तीचा. मॅकडफी आणि रॉबर्ट एल. वॉशिंग्टन तिसरा यांनी लिहिलेला, जॉन पॉल लिऑनने रेखाटलेला. नावाकडे लक्ष द्या. खरे व्हर्जिल हॉकिन्स यांनी 1949 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात कायद्याच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता आणि वर्णामुळे त्यांना प्रवेश नाकारला गेला. ते नऊ वर्षं न्यायालयात लढले. 1958 मध्ये त्यांनी स्वतःचा हक्क सोडला, त्या बदल्यात विद्यापीठाची दारं इतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उघडली. ते नाव मॅकडफीने एका शाळकरी पोराला दिलं आणि अंकात त्याचं भाषण केलं नाही.

इतर गोष्टी भराभर सांगते. माइलस्टोनने रंगकामावर वेगळी मेहनत घेतली, नोएल गिडिंग्ज रंगविभाग सांभाळायची. त्या काळच्या ठरावीक छपाईत सगळे कृष्णवर्णीय एकाच तपकिरी छटेचे यायचे. इथे आईचा रंग वेगळा, मुलाचा वेगळा, मित्राचा वेगळा. ‘झोंबी’ मालिकेचा नायक डेव्हिड किम कोरियन वंशाचा. ‘स्टॅटिक’मध्ये व्हर्जिलचा जवळचा मित्र रिक समलिंगी आहे, आणि ते कळल्यावर व्हर्जिल चांगला वागत नाही, त्याला शिकावं लागतं. डीसीशी मोठा खटका उडाला तो ‘स्टॅटिक’च्या 25 व्या अंकावरून. मुखपृष्ठावर सोफ्यावर बिलगलेली तरुण जोडी आणि बाजूला निरोध असं चित्र होतं. शेवटी ते लहान करून चौकटीत छापलं गेलं.

इतकं चांगलं काम 1997 मध्ये बंद का पडलं? इथे तुमच्या पाकिटांचा संबंध येतो.

1991 मध्ये मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती दुकानांनी उचलल्या. पाच वेगवेगळी मुखपृष्ठं होती आणि लोक पाचही घेत. नोव्हेंबर 1992 मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पाकिटात, आत दंडाला बांधायची काळी फीत घालून आला. 1938 च्या कॉमिक्सना मोठी किंमत येते हे लोकांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. ती किंमत का येते हे मात्र कोणी पाहिलं नाही. 1938 चे अंक पोरांनी वाचून फाडले, आयांनी रद्दीत घातले, युद्धाच्या काळात कागद गोळा झाला त्यात गेले, म्हणून उरलेले मोलाचे. लाखो लोक जो अंक एकाच दिवशी घेऊन कपाटात ठेवतात तो दुर्मीळ होणारच नाही. हे उमगलं तेव्हा सट्टेवाले निघून गेले, दुकानांत न विकलेले गठ्ठे पडून राहिले आणि हजारो दुकानं बंद पडली. 1996 च्या डिसेंबरमध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. मग नव्या माइलस्टोनची काय कथा!

शिवाय आणखी एक अडथळा होता. गोष्टीत तीन कृष्णवर्णीय दिसले की लोक ती ‘कृष्णवर्णीयांसाठीची’ समजतात, असं मॅकडफी म्हणायचा. काही दुकानदार आमच्या वस्तीत हे चालणार नाही म्हणून अंक मागवतच नव्हते. मी ज्या दुकानात जायचे तिथे दुसऱ्या वर्षी माझ्यासाठी एकच प्रत यायची. पुढे तीही आगाऊ सांगितली तरच.

म्हणून सांगते, पहिला अंक घेणाऱ्यांनी माइलस्टोनला जगवलं नाही. पहिल्या अंकाच्या दहा प्रती उचलणारा तो माणूस दुसऱ्या अंकाला आलाच नाही.

मॅकडफीचं काम पुढे दूरदर्शन संचाच्या पडद्यावर पसरलं. 2000 ते 2004 या काळात ‘स्टॅटिक शॉक’ ही कार्टून मालिका चालली, 52 भाग. शाळेत बंदूक आणणाऱ्या मुलावरच्या तिच्या एका भागाला ह्यूमॅनिटास पुरस्कार मिळाला. कॉमिकमध्ये व्हर्जिलचे आईवडील दोघेही आहेत, कार्टूनमध्ये आई गेलेली दाखवली. मला मूळचंच घर जास्त आवडतं. त्याने ‘जस्टिस लीग’ लिहिली. तिथला ग्रीन लँटर्न जॉन स्टुअर्ट हा कृष्णवर्णीय. एका पिढीच्या मुलांना ग्रीन लँटर्न म्हटल्यावर तोच आठवतो. मग ‘बेन 10: एलियन फोर्स’. हे नाव तुमच्या घरातल्या विशी-पंचविशीतल्या कोणालाही विचारून बघा. मॅकडफीचं नाव न ऐकता त्याच्या गोष्टी बघत वाढलेली मुलं महाराष्ट्रातही खूप आहेत. तो 21 फेब्रुवारी 2011 ला, एकोणपन्नासावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गेला. त्याने पटकथा लिहिलेला सुपरमॅनचा चित्रपट दुसऱ्याच दिवशी बाजारात यायचा होता. 2015 पासून त्याच्या नावाने विविधतेसाठीचा कॉमिक्स पुरस्कार दिला जातो. त्याची पहिली मानकरी निलाह मॅग्रुडर.

आता तुमचा खोका. ‘हार्डवेअर’, ‘आयकॉन’ आणि ‘ब्लड सिंडिकेट’ यांचे पहिले अंक आजही स्वस्तात मिळतात, सीलबंद असले तरी, कारण ते ढिगाने छापले आणि ढिगाने जपून ठेवले गेले. ही तीन पाकिटं खुशाल फोडा. ‘स्टॅटिक’च्या पहिल्या अंकाला मागणी आहे, आणि 2020 मध्ये माइलस्टोन परत येणार असं जाहीर झाल्यावर ती वाढली. भावाला विकायचाच असेल तर तेवढं एक पाकीट ठेवा. पण अंकाचा दर्जा आतली पानं तपासल्याशिवाय ठरत नाही, आणि बंद पाकीट म्हणजे चांगला अंक असं अजिबात नाही. आतमध्ये भित्तिचित्र आणि संग्रहाचं कार्ड आहे. तीस वर्षं दाबून राहिलेल्या कार्डाचा वळ मुखपृष्ठावर उमटलेला मी कितीतरी वेळा पाहिलाय. ते प्लास्टिकही जतनासाठी बनवलेलं नव्हतं.

उघडताना पाकिटाची वरची कड कात्रीने कापा, ओढून फाडू नका. अंक पाठीला हात देऊन बाहेर काढा. भित्तिचित्र आणि कार्ड वेगळ्या पाकिटात घाला, कापलेलं मूळ पाकीट हवं तर तेही वेगळं ठेवा. अंकासाठी पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट आणि मागे आम्लमुक्त पुठ्ठा वापरा. किमती अंकासाठी पॉलिस्टरचं, ज्याला संग्राहक मायलार म्हणतात, ते घ्या. पीव्हीसीची पाकिटं नकोत, लॅमिनेशन नको, आणि सेलोटेप तर घरातच ठेवू नका.

आपला खरा शत्रू पावसाळा. माझा स्वतःचा एक खोका मी दोन पावसाळे रत्नागिरीच्या घरी, तळमजल्यावर, भिंतीला टेकवून ठेवला होता. उघडला तेव्हा सगळ्या पिना गंजलेल्या, मधल्या पानांवर तांबूस डाग, आणि खालच्या सात अंकांना कसर लागलेली. कागदाचं काम करणाऱ्या बाईने हे केलं, म्हणून आजही वाईट वाटतं. तुम्ही कोल्हापुरात आहात, तिथला पाऊसही काही कमी नाही. लोखंडी कपाट, भिंतीपासून वीतभर लांब, जमिनीपासून वर. अंक उभे ठेवा, पण सैल नको, नाहीतर वाकतात. रंग बदलणारी सिलिका जेल ठेवा आणि रंग पालटला की तापवून सुकवा. डांबराच्या गोळ्या अंकांशेजारी नकोत. पावसाळा संपला की एका कोरड्या दिवशी सगळं बाहेर काढून सावलीत वारं द्या. ऊन दाखवू नका, रंग उडतात.

आणि पुढे काय जमवावं? सलग मालिका. ‘स्टॅटिक’ 45 अंक, ‘आयकॉन’ 42, ‘हार्डवेअर’ 50, ‘ब्लड सिंडिकेट’ 35. सुरुवातीचे अंक सहज मिळतात. 1996 आणि 1997 मधले शेवटचे अंक मिळायला वेळ लागतो, कारण तोवर मागणी घटून छपाई उतरली होती आणि ते कोणी जपून ठेवायच्या इराद्याने घेतले नव्हते. ज्यांनी घेतले त्यांनी वाचले. एकेका अंकाच्या टपालखर्चात जीव जातो, म्हणून भाऊ पुन्हा जाईल तेव्हा त्याला यादी लिहून द्या, अंकांच्या क्रमांकासकट. जुन्या अंकांचा नाद नसेल आणि नुसतं वाचायचं असेल, तर 2022 पासून माइलस्टोनचे जाडजूड एकत्रित खंड निघाले आहेत, ते घ्या. तोही संग्रहच.

वाचायला ‘आयकॉन’पासून सुरुवात करा. खोक्यात खाली आणखी सुटे अंक असतील तर त्यांचे क्रमांक मला कळवा. विशेषतः ‘ब्लड सिंडिकेट’चे. त्या मालिकेचे 34 अंक माझ्याकडे आहेत, शेवटचा अजून मिळालेला नाही.